आंबवड्याच्या वाटेवर

पुणेकर माणूस भोरला जातो तो बहुधा भोरसाठी जात नाही. कोणाला रायरेश्वर चढायचा असतो, कोणाला वरंध घाटातला पाऊस अंगावर घ्यायचा असतो, तर कोणाला भाटघरच्या पाण्याकाठी डबा उघडायचा असतो. भोर वाटेत लागते, तिथे चहा होतो, राजवाड्याकडे पाहून ‘इथे अमक्या सिनेमाचे चित्रण झाले’ असे एकमेकांना सांगितले जाते आणि मंडळी पुढे निघतात. आंबवडे तर त्याच्याही पुढचे, रायरेश्वराच्या वाटेवर कोर्ल्याला जाताना लागणारे गाव. तिथे मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच.

आणि तरीही मुद्दाम उतरावे असे त्या गावात पुष्कळ आहे. गर्द झाडीत नागेश्वराचे जुने देऊळ आहे. भोरच्या पंतसचिवांनी संस्थानी काळात बांधलेला झुलता पूल आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत; भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांचीही आहे. एवढा ऐवज दुसऱ्या एखाद्या गावाकडे असता तर वेशीवरच वाहनतळाची पावती फाडली गेली असती.

हे सारे मी सांगणारच आहे. पण वाचकांनी आधीच समजून घ्यावे की या लेखातली निम्मी जागा रस्त्याने खाल्ली आहे. गाव पाहायला गेलो आणि रस्ताच जास्त पाहून आलो, असा हा प्रकार.

जाण्याचे निमित्त साधे होते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले एक सेवक मूळचे आंबवड्याचे. “सर, भात कापणीला यायच्या आत एकदा या. आबांनाही बरं वाटेल,” असे ते तीन वर्षे म्हणत होते. आबा म्हणजे त्यांचे वडील. एसटीत बत्तीस वर्षे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आता गावी शेती बघतात. गेल्या आश्विनातल्या एका रविवारी आम्ही निघालो. आमच्या सौभाग्यवती, दहावीतली कन्या आणि मी.

कोथरूडहून बाहेरवळणाच्या रस्त्याला लागले की नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ सुरू होतो. आपण चढत असतो तेव्हा दुभाजकापलीकडून उतरणारे ट्रक आणि कंटेनर दिसत राहतात. हा उतार आता पुण्यात बदनाम आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने इथे चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरले. इंधन वाचावे म्हणून चालकाने गाडी उतारावर तशीच सोडली होती, असे पोलिसांचे प्राथमिक म्हणणे होते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे म्हणजे काय, हे आमच्या कन्येने विचारले. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढून धरते; ब्रेकला फारसे काम पडत नाही. गिअर काढला की सारा भार ब्रेकवर येतो. पंचवीस-तीस टनांचे धूड मैलभर ब्रेकवर तोलायचे तर ब्रेक तापतात, आणि फार तापलेला ब्रेक धरत नाही. चालक पाय दाबतो, गाडी ऐकत नाही. आता, हे त्या चालकाला ठाऊक नसते का? जन्म त्यात घालवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पण पुष्कळ ठिकाणी डिझेल मोजून मिळते. वाचेल ते चालकाच्या पदरी. दर फेरीला वाचलेले लिटरभर डिझेल त्याच्या डोळ्यांना दिसते. तापलेला ब्रेक मात्र शंभर उतारांत दिसत नाही, एकशे एकाव्यात दिसतो. त्या वेळी पाहायला फार उशीर झालेला असतो.

मला वाटते, नियम मोडण्याचे सारे गणित एवढ्यातच आहे. आपण समजतो, लोकांना नियम माहीत नाहीत म्हणून ते मोडतात. मग रस्ता सुरक्षा सप्ताह येतो. २०२१ साली तर सप्ताह पुरेना म्हणून महिना साजरा झाला. शाळेतली मुले फलक घेऊन फेरी काढतात, निबंध लिहितात, गुलाबाचे फूल देऊन हेल्मेट न घालणाऱ्याची गांधीगिरीने लाज काढतात. या साऱ्याला माझा विरोध नाही. पण लाल दिव्याचा अर्थ बालवाडीतल्या पोरालाही येतो. माहिती नाही म्हणून लाल दिवा ओलांडणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

मी मराठी शिकवतो. त्यामुळे माणसे काय करतात यापेक्षा ती कोणत्या शब्दांत सांगतात इकडे माझे लक्ष जाते; धंद्याची खोड म्हणा. रस्त्यावरची आपली मराठी एकदा ऐकून पाहा. आपण सिग्नल ‘तोडतो’. बेड्या तोडाव्यात तसा. सांगताना आवाजात किंचित पराक्रमही असतो. १९३० साली मिठाचा कायदा मोडायला निघालेल्या गांधीजींनी तसे पत्र आधी व्हाइसरॉयला पाठवले होते आणि तुरुंग आनंदाने पत्करला होता. आमचा चौकातला सत्याग्रही मात्र कायदेभंगापूर्वी पोलीस नाही याची नीट खात्री करून घेतो.

आणि तो पोलीस चुकून असलाच, तर तो ‘मामा’! याहून सोयीचे नाते मराठीत नाही. बाप रागावेल, काका हिशेब मागेल; मामा म्हणजे लाड करणारा, भाचरांच्या खोड्या पोटात घालणारा. “जाऊ द्या ना मामा” या चार शब्दांत आपण कायद्याला आजोळी नेऊन बसवतो. मामांनी ऐकले नाही तर ‘पावती फाडतो’. अपराध केला नाही, जणू काही खरेदी केली! पावती खिशात, हिशेब मिटला, पुढच्या चौकात पुन्हा मोकळे.

आणि इतके करूनही कधी विपरीत घडलेच तर? तर ‘अपघात झाला’. पाऊस झाला, ग्रहण झाले, तसा अपघात झाला. कोणी केला नाही. वाक्यात कर्ताच नाही! २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. दहांतल्या सात मृत्यूंमागे अतिवेग होता, आणि हेल्मेट नव्हते म्हणून दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदली आहे. तालुक्याचे गाव रिकामे व्हावे एवढी ही माणसे. आणि आपल्या भाषेत मात्र या साऱ्यांच्या बाबतीत ते नुसते ‘झाले’.

हेल्मेटवरून आठवले. हा विषय पुणेकरांनी तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला आहे. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिच्या निषेधार्थ मोर्चा निघाला. मानेला भार होतो, केस गळतात, बाजूचे दिसत नाही, मागचे ऐकू येत नाही, शहरात वेग असतोच कुठे, असे एकाहून एक युक्तिवाद झाले. पुण्याबाहेरची मंडळी यावर हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या युक्तिवादांच्या तळाशी एक प्रामाणिक अनुभव असतो. ‘वीस वर्षे गाडी चालवतोय, कधी काही झाले नाही.’ हे वाक्य खोटे नसते. तीच तर अडचण आहे. दररोजचा अनुभव नियमाच्या विरुद्ध साक्ष देत असतो, आणि नियमाच्या बाजूचा साक्षीदार आयुष्यात एकदाच येतो.

बोगदा ओलांडून शिंदेवाडीचा उतार उतरलो, खेड-शिवापूर मागे पडले. आता रस्ता रुंद, सरळ, आणि त्यामुळे अधिक फसवा. एक मोटारसायकल आमच्या बाजूने, पण आमच्या दिशेने, अगदी कडेकडेने येत होती. पुढे दुधाची किटली, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई, दोघांच्या मध्ये लहानगे पोर. चालवणारा निर्विकार. ‘जरा पुढेच जायचंय’ हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

“बाबा, हा माणूस वेडा आहे का?” कन्येने विचारले.

वेडा नव्हता. मी रस्त्याकडे पाहिले. त्याचे घर महामार्गाच्या या बाजूला होते आणि दूध घालायचे ठिकाण त्याच बाजूला अर्ध्या किलोमीटरवर, पण उलट दिशेला. नियमाने जायचे तर पुढचा भुयारी मार्ग गाठून, पलीकडे जाऊन, मागे येऊन, पुन्हा ओलांडून यायचे. चार किलोमीटरचा वळसा. दररोज सकाळ-संध्याकाळ. महामार्ग आखणाऱ्यांनी मुंबईहून बंगळुरूला जाणाऱ्याची सोय पाहिली ते योग्यच. पण गोठ्यातून डेअरीत जाणाऱ्यासाठी धड कडेचा रस्ताही सलग ठेवला नाही, तर तो कुठून जाईल? नियम मोडणाऱ्याला दोष देताना, त्याला नियम पाळणे किती महाग केले आहे, हेही विचारायला हवे. हे समर्थन नव्हे. त्या मधल्या पोराकडे पाहिल्यावर समर्थन कोण करील?

कापूरहोळला महामार्ग सोडला आणि जिवाला बरे वाटले. भोरचा रस्ता लहान, वळणाचा, झाडांच्या सावलीचा. दोन्हीकडे भाताची खाचरे पिवळसर होऊ लागलेली. ओंब्या जड होऊन वाकलेल्या. काच खाली केली की आंबेमोहराचा वास आत येईल असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. प्रत्यक्षात मागच्या गाडीचा हॉर्न आत आला. त्या गाडीला पुढे जायचे होते. वळण होते, समोरचे दिसत नव्हते, तरी जायचे होते. गेली. पुढच्या वळणावर ट्रॅक्टरमागे थांबलेली पुन्हा भेटली. भोरच्या चौकात तर अगदी शेजारी येऊन उभी राहिली.

ही मौज कागदावर मांडून पाहावी. कोणतेही पंधरा किलोमीटर घ्या. ताशी साठच्या वेगाने पंधरा मिनिटे लागतात; ऐंशीने सव्वाअकरा. म्हणजे फायदा पावणेचार मिनिटांचा, तोही वाट मोकळी असेल तर. आणि किंमत? गाडीची धडक देण्याची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते; साठाची ऐंशी केली की ती जवळजवळ पावणेदोनपट होते. साठच्या वेगाला सेकंदाला सतरा मीटर रस्ता मागे पडतो. समोर गाय दिसली, मेंदूने ‘अरे!’ म्हटले आणि पाय ब्रेकवर पोचला, एवढ्यात एक एसटी आणि वर निम्मी एसटी मावेल इतके अंतर सरलेले असते. ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते. पावणेचार मिनिटे मात्र घड्याळात स्पष्ट दिसतात. सतरा मीटर कोणाला दिसत नाहीत.

भोर सोडले की डोंगर जवळ येऊ लागतात. रोहिडा एका बाजूला, समोर रायरेश्वराचे लांबलचक पठार. ही रोहिड खोऱ्याची भूमी, जेध्यांची. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा विजापूरचे फर्मान या खोऱ्यात पोचले होते. न जावे तर वतन जायचे. कारीच्या कान्होजी जेध्यांनी पाच मुलांसह शिवाजी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडले. शब्द दिला होता, तो पाळला. जिवा महालाचे नाव तर ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीने घरोघर नेले. आणि शंकराजी नारायण! १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ताराराणींना दिलेली शपथ एकीकडे आणि गादीचा वारस दुसरीकडे, अशा पेचात हा सचिव सापडला आणि त्यातच त्याने देह ठेवला. तिन्ही समाध्या या एका गावाच्या आसमंतात. या माणसांवर कोणी पहारा ठेवला नव्हता. दिलेला शब्दच त्यांचा पहारेकरी होता.

गावात गाडी लावली. आबा वाटच पाहत होते. पांढरा लेंगा, सदरा, डोक्याला टोपी, ताठ कणा. वय पंचाहत्तरीपुढे, पण गाडी पाहताना नजर आधी टायरांकडे गेली. “हवा बरूबर हाय,” म्हणाले, आणि मग “या मास्तर.”

जेवणाआधी ते आम्हांला नागेश्वराला घेऊन गेले. देवळाकडे जायला तो झुलता पूल लागतो. लोखंडी दोरांवर तोललेला, पायी जाण्यापुरता अरुंद. खाली ओढा आणि दोन्ही काठांना अशी दाट झाडी की दुपारचे ऊनही गाळून आल्यासारखे हिरवे दिसते. आम्ही पाऊल टाकले आणि पूल हलला. फार नव्हे, पाळण्याला कोणी बोट लावावे इतका. पण पायाखालची जमीन हलली की माणसात केवढा फरक पडतो!

आमच्या पुढे सात-आठ तरुणांचे टोळके होते. गावाबाहेर याच पोरांच्या गाड्या आम्हांला शिट्ट्या मारीत, वेड्यावाकड्या वळणांनी ओलांडून गेल्या होत्या. इथे मात्र ते एकामागे एक चालत होते. समोरून एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन येताना दिसली, तसे सगळे कडेला अंग चोरून उभे राहिले. तिला जाऊ दिले. कोणी पुढे घुसले नाही, कोणी हॉर्न वाजवावा तसे ओरडले नाही. पोलीस नव्हता, सिग्नल नव्हता, पावती नव्हती. मध्यावर एकाने मजा म्हणून उडी मारली, बाकीचे एका सुरात त्याच्यावर ओरडले, “ए, गप चाल!”

मी आबांना म्हटले, “पाहिलंत? हीच मुलं रस्त्यावर कशी होती!”

आबा हसले. “रस्ता हालत न्हाई ना मास्तर. पूल बोलतो. रस्ता मुका हाय.”

मला वाटले, या एका वाक्यात माझा अख्खा लेख आला. जिथे नियमाचे कारण तळपायाला कळते, तिथे माणूस शहाणा असतो. शंभर फूट रुंदीचा गुळगुळीत रस्ता ऐंशीच्या वेगालाही दिवाणखान्यासारखा स्थिर वाटतो. काच बंद, गाणे चालू, आत थंडगार. धोका आहे तसाच आहे, फक्त त्याचा आवाज बंद केला आहे.

पण देवळात टेकल्यावर आबांनीच या सिद्धान्ताला खिंडार पाडले. देऊळ थंड होते. बाहेरच्या उजेडातून आत आले की डोळ्यांना काही क्षण काही दिसत नाही, आणि मग हळूहळू पिंड, फुले, समई असे एकेक उमटत जाते. दर्शन घेऊन बाहेर पायरीवर बसलो तेव्हा ते म्हणाले, “पर मास्तर, पुलाची भीती बी रोजच्याला ऱ्हात न्हाई. मी या पुलावर ल्हानपणी उड्या मारल्यात. सवं झाली की भ्या सरतं.”

खरे होते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातल्या कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण दगावले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. लोकांनी वाचलाही असेल. पण फलक वाचून गेलेला प्रत्येक जण सुखरूप परत येताना दिसत होता, आणि डोळ्यांपुढची माणसे फलकापेक्षा मोठ्याने बोलतात. भीतीवर नियम उभा केला तर भीती ओसरली की नियमही ओसरतो. पोलिसाची भीती चौकापुरती, पुलाची भीती पहिल्या चार फेऱ्यांपुरती.

“मग तुम्ही बत्तीस वर्षे कसे पाळलेत नियम?” मी विचारले.

“म्या कुटं नेम पाळला? म्या घंटी पाळली.”

एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा धावली, तेव्हापासून या घंटीची भाषा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांब; दोनदा ओढली की चल. आबा सांगत होते, “आत पन्नास मान्सं. कोन चढतंय, कोन उतरतंय, मला मागचं काय दिसतंय? डबल बेल पडल्याबिगर गाडी हालवायची न्हाई, बस. घाई आसो, पाऊस आसो, सायेब बसलेला आसो. यकदा तर कंडक्टर खाली कुनाशी बोलत बसला, धा मिन्टं. म्या हाललो न्हाई. रोज इचार करत बसलो आस्तो, की आज बेल मानू का नको, तर कवातरी यखादी म्हातारी चाकाखाली आली आस्ती. इचार करायचाच न्हाई. हात-पायालाच ठावं पायजे.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. आम्ही वर्गात, व्याख्यानांत, लेखांत माणसाला विचार करायला शिकवतो. आणि हा गृहस्थ सांगत होता की काही गोष्टी विचाराच्या हाती ठेवू नयेत. विचार हा मोठा वकील असतो. रोज नवा मुद्दा काढतो. ‘आज जवळच जायचंय’, ‘आज रस्ता मोकळा आहे’, ‘आज उशीर झालाय’. चप्पल घालून देवघरात जावे की नाही याचा विचार आपण दररोज करतो का? दारातच पाय आपोआप थांबतात. तिथे पोलीस नसतो, दंड नसतो, भीतीही नसते. लहानपणी कोणीतरी हात धरून तसे वळण लावलेले असते, एवढेच.

जेवायला पिठले, भाकरी, नव्या तांदळाचा भात आणि तूप. जेवताना आबांचा नातू समोर येऊन बसला. पुण्यात शिकतो, शनिवार-रविवार घरी येतो, मोटारसायकलवर. हेल्मेट ओट्यावर ठेवलेले होते, कोरे, ओरखडा नसलेले. मी सहज विचारले, “वापरतोस ना?”

तो प्रामाणिक मुलगा. “वापरतो सर. कात्रजच्या अलीकडे घालतो. इकडे कोण धरत नाही.”

माजघरात एकदम शांतता झाली. मला वाटले, आपण नको ते विचारले. त्याच्या आईने भाकरी वाढायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मग आबांनी सावकाश सांगितले. वाडीतला एक मुलगा, याच्याच वर्गातला, बालपणापासूनचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी महामार्गावर, पुढच्या वळशापर्यंत जायचा कंटाळा म्हणून, थोडेसेच अंतर उलट्या बाजूने आला. समोरून टेम्पो. हेल्मेट होते. हँडलला अडकवलेले.

“त्येच्या आईला लोक म्हनत्यात, अपघात झाला,” आबा म्हणाले. “ती काय म्हनती, ठावं हाय? ती म्हनती, माझं पोर अर्ध्या मैलाच्या वळशापायी गेलं.”

त्या माउलीने वाक्यात कारण परत आणून बसवले होते. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाला न जमणारी दुरुस्ती तिने केली होती. नातू मान खाली घालून भात कालवत होता. त्याच्यापुढे गेली दोन वर्षे ही गोष्ट होती आणि तरीही हेल्मेट कात्रजच्या अलीकडेच चढत होते. जिवाभावाच्या मित्राच्या मरणानेही जी गोष्ट साधत नाही, ती आमच्या फलकांनी आणि गुलाबांनी कशी साधावी? त्याच्यात काळजाची उणीव नव्हती. दुःख त्याच्या मनात होते. हेल्मेट घालायचे ते हातांनी. मनातले हातात उतरायला मधे काहीतरी लागते.

दुपार कलली. आम्ही समाध्यांना नमस्कार करून आलो. परत आलो तो नातू पुण्याला निघण्याच्या तयारीत. आईने तांदळाची पिशवी मागे बांधली. त्याने गाडी सुरू केली. हेल्मेट, सवयीने, आरशाला अडकवले.

आबा ओट्यावरून उठले. मला वाटले, आता पट्टा सुटणार. पण ते काहीच बोलले नाहीत. गाडीच्या मागे जाऊन, कंडक्टर दारात उभा राहतो तसे उभे राहिले आणि मागच्या पत्र्यावर मुठीने एकदा ठोकले. टण्.

पोरगा थांबला. मागे वळून पाहिले. आजोबा नुसते उभे.

“आबा, उशीर होतोय.”

आबा गप्प. धा मिनिटे न हाललेला माणूस तो. अर्धे मिनिट गेले असेल. अंगणात आम्ही सगळेच गप्प होतो; मला त्या पोराच्या हातांकडे पाहवेना आणि नजरही काढवेना. मग त्याने आरशावरचे हेल्मेट काढले, डोक्यावर चढवले. आबा तरी उभेच. त्याने हनुवटीखाली पट्टा ओढला. खट् असा बारीक आवाज झाला.

“रोज?” आबांनी विचारले.

“रोज,” तो आतून म्हणाला.

जेध्यांच्या खोऱ्यातला तो एक शब्द. टिकेल की नाही कोण सांगणार? कात्रज अजून दूर होते आणि वाटेत धरणारे कोणी नव्हते. पण आबांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिले, आणि पत्र्यावर दोनदा ठोकले.

टण् टण्.